हात न लावता घालायचे बूट: नाडीचे काम टाचेकडे

बुटाची नाडी एकदाच बांधायची, ती पुन्हा कधी सोडायची नाही, आणि पाय आत जात नसेल तर मागची टाच मोडून बूट सपातेसारखा ओढत चालायचे, ही आपल्याकडे सर्रास दिसणारी पद्धत आहे. एसटी स्थानकावर, बँकेच्या रांगेत किंवा शिकवणी वर्गाच्या दाराशी थोडा वेळ उभे राहिले तरी टाच मोडलेले बूट हमखास नजरेस पडतात. त्याला आळस म्हणून नावे ठेवणे सोपे आहे, परंतु माझ्या मते दोष माणसांपेक्षा बुटाचा अधिक आहे. सकाळी घातलेला बूट रात्रीच काढायचा, अशा राहणीवर नाडीचा बूट बेतलेला आहे. आपल्याकडे मात्र स्वतःचे घर, नातेवाइकांचे घर, देऊळ, कित्येक दवाखाने आणि काही जुनी दुकानेसुद्धा पादत्राणे बाहेर काढून ठेवायला लावतात, आणि प्रत्येक ठिकाणी वाकून गाठ सोडणे व पुन्हा मारणे धडधाकट माणसालाही कंटाळवाणे होते. त्यामुळे गेल्या काही वर्षांत बाजारात आलेले, हात न लावता पायात सरकवायचे बूट मूळ देशापेक्षा आपल्यालाच जास्त उपयोगी पडावेत, अशी अपेक्षा ठेवून मी ते घेतले.

आमच्या घरात अशा दोन जोड्या आहेत. एक आईसाठी, तिच्या खुब्याचा सांधा बदलल्यानंतर घेतलेली, परदेशी कंपनीची आणि महाग. दुसरी माझ्या रोजच्या वापराची, देशी आणि बरीच स्वस्त. दोन्ही कंपन्यांची नावे येथे देत नाही, कारण ज्या गुणदोषांबद्दल लिहायचे आहे ते बहुतांशी या रचनेचेच आहेत आणि याच रचनेच्या इतर जोड्यांतही थोड्याफार फरकाने आढळतील.

बंदाविना पायात जाणारे पादत्राण ही काही नवी कल्पना नव्हे. आपली मोजडी आहे, कोल्हापुरी पायताण आहे, अमेरिकेत जी. एच. बास कंपनीने १९३६ साली लोफर बाजारात आणला तोही नाडीविनाच. परंतु मोजडी किंवा लोफर घालताना टाच आत बसवण्यासाठी बोट घालावे लागते, नाहीतर शूहॉर्न, म्हणजे टाच आत सरकवायची गुळगुळीत पट्टी, तरी लागते, आणि कोल्हापुरीला मागे टाचच नसते. नव्या बुटांचा दावा असा आहे की टाच बंद आणि घट्ट राहील, तरीही पाय आत जाताना हाताची गरज लागणार नाही.

हे साधण्याच्या तीन वाटा आतापर्यंत दिसल्या आहेत. पहिली नाइकीची. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे स्नायूंच्या हालचालींवर नीट ताबा राहू न देणारा मेंदूचा विकार, असलेल्या मॅथ्यू वॉल्झर या फ्लोरिडातील शाळकरी मुलाने २०१२ साली या कंपनीला पत्र लिहून आपली अडचण कळवली होती: कॉलेजात जायचे आहे, पण बुटाच्या नाड्या बांधायला रोज दुसऱ्या कोणावर अवलंबून राहावे लागते. त्यातून २०१५ साली टाचेभोवती चेन फिरवून उघडणारा बूट आला, आणि २०२१ साली चेनही नसलेला ‘गो फ्लायईझ’ आला. त्याच्या तळाला मध्यावर बिजागरी आहे. बूट दुमडून उघडा उभा राहतो, पाय आत ठेवून टाच दाबली की तो मिटतो, आणि भोवतीचा ताणलेला पट्टा त्याला मिटलेल्या अवस्थेत धरून ठेवतो. किंमत १२० डॉलर होती, पण सुरुवातीला जोड्या इतक्या थोड्या काढल्या की पुनर्विक्रीवाल्यांनी त्या उचलून कितीतरी पट भावाने विकल्या, आणि ज्या अपंग ग्राहकांच्या गरजेतून हा सगळा प्रवास सुरू झाला त्यांनाच तो बूट मिळेना, अशी तक्रार तेव्हा जाहीरपणे झाली. दुसरी वाट किझिक या अमेरिकी कंपनीची: तिच्या बुटाची टाच पायाखाली दबते आणि पाय आत गेला की उसळून पुन्हा ताठ उभी राहते. तिसरी वाट स्केचर्सच्या ‘स्लिप-इन्स’ची, आणि आपल्याकडच्या दुकानांत तिच्याच धर्तीचे बूट सर्वांत जास्त दिसतात. यात टाच दबत नाही. ती मुळातच कडक असते, तिचा वरचा काठ मागे उतरता झुकलेला असतो, त्यावरून पायाची टाच घसरत आत जाते, आणि आतल्या बाजूला घोट्याच्या मागे एक फुगीर उशी असते जी पाय आत गेल्यावर त्याला परत बाहेर येऊ देत नाही. थोडक्यात, शूहॉर्न बुटातच शिवून टाकलेला आहे. आमच्या दोन्ही जोड्या या तिसऱ्या प्रकारच्या आहेत.

आधी आईचा अनुभव सांगतो, कारण या बुटांची खरी कसोटी तिच्याच पायाशी लागली. खुब्याचा सांधा बदलल्यानंतर अनेक शल्यविशारद काही आठवडे खुबा ९० अंशांच्या पलीकडे वाकवू देत नाहीत. खुर्चीवर बसून पुढे झुकायचे नाही, म्हणजे स्वतःच्या पायाचा अंगठासुद्धा हाताच्या टप्प्यात येत नाही. अशा काळात मागे पट्टा असलेली चप्पल घालायची तर दुसऱ्या माणसाने खाली बसून तो पट्टा लावावा लागतो, आणि आईला सर्वांत जास्त अवघड वाटत होते ते हेच. व्यायाम किंवा वेदना यांविषयी तिने फारशी कुरकूर केली नाही. नव्या बुटाने हे परावलंबन संपले. दुपारी फिजिओथेरपीला जाताना ती स्वतः तयार होऊन दाराशी उभी राहू लागली, एवढ्या एका गोष्टीसाठी मी या बुटांना भरभरून गुण देईन.

परंतु जाहिरातीत दाखवतात तसे उभ्याउभ्या, चालता चालता पाय सरकवणे वयस्कर माणसाने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात क्षणभर का होईना एका पायावर तोल सांभाळावा लागतो, आणि पडण्याचा धोका नेमका त्याच क्षणी असतो. शिवाय आपल्या घरातल्या गुळगुळीत फरशीवर एक निराळीच अडचण येते. पाय पुढे रेटला की बूटच पुढे पळतो. या बुटात पाय आधी चवड्यापर्यंत आत घालून मग टाच सरळ खाली दाबायची असते. सवयीने माणूस पुढे ढकलतो आणि बूट फरशीवरून घसरत जातो. काथ्याच्या पायपुसण्यावर बूट ठेवला, किंवा त्याचे टोक भिंतीला टेकवले, की ही अडचण राहत नाही. दाराशी एक उंच, हाताचे खुर्चीवजा आसन, खाली पायपुसणे आणि त्यावर बूट, एवढी व्यवस्था केली तरच ‘हात न लावता’ हा दावा वृद्धांच्या बाबतीत खरा ठरतो. ती कोणत्याही खोक्यावर लिहिलेली नसते.

काढण्याविषयी तर कोणी बोलतच नाही. या बुटांच्या मागे तळाशी एक छोटी पायरी बाहेर आलेली असते, तिच्यावर दुसऱ्या पायाचा चवडा दाबून टाच वर ओढायची. निरोगी माणसाला हे सहज जमते. पण खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय आतल्या बाजूला वळवण्यावरही बऱ्याचदा बंधन असते, त्यामुळे दुसऱ्या पायाने बूट काढण्याची ही युक्ती त्या काळात आपल्या फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नये. आई काठीचे रबरी टोक त्या पायरीवर टेकवते आणि पाय सरळ वर उचलते. महाग जोडीची पायरी त्यासाठी पुरेशी रुंद आहे. माझ्या स्वस्त जोडीची इतकी अरुंद आहे की काठी तिच्यावरून घसरते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. नाडीकडे आपण केवळ बूट बंद करण्याचे साधन म्हणून पाहतो, पण तिचे अर्धे काम बूट पायाच्या मापाला जुळवून घेण्याचे असते. सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय एका मापाचे नसतात. दिवसभर उभे राहणाऱ्यांचे, रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांचे, गरोदर स्त्रियांचे पाय संध्याकाळपर्यंत चांगलेच सुजतात. नाडीचा बूट अशा वेळी दोन भोके सैल करता येतो. नाडी काढून टाकली की ही सवलतही जाते, आणि पाय धरून ठेवण्याची सगळी जबाबदारी टाचेच्या कडकपणावर आणि वरच्या विणलेल्या कापडाच्या ताणावर येऊन पडते. म्हणून हे बूट घेताना माप चुकले तर सुधारण्याची सोय जवळजवळ नाही. अर्धा नंबर मोठा घेतला की जिना उतरताना टाच आत वरखाली होते. अर्धा नंबर लहान घेतला तर पाय आत जातो, पण करंगळीवर दाब राहतो. चवडा रुंद असलेल्यांनी तर रुंद मापाची आवृत्ती मिळत असेल तरच विचार करावा. आपल्याकडे लहानपणापासून चप्पल घालून वाढलेल्या पुष्कळ लोकांची बोटे पसरलेली असतात, आणि दुकानात रुंद मापाच्या जोड्या मात्र शोधाव्या लागतात, तेही बहुधा काळ्या आणि करड्या रंगांतच.

गंमत अशी की यांतल्या अनेक बुटांवर नाड्या असतात. त्या सुटत नाहीत, आवळत नाहीत, केवळ शोभेला असतात. सुरुवातीला हा मला निव्वळ देखावा वाटला, पण त्यामागचे कारण समजण्याजोगे आहे. आपण आजाऱ्यासाठी बनवलेली वस्तू वापरतो आहोत असे चारचौघांत दिसू नये, ही इच्छा वयस्कर माणसांत फार तीव्र असते. आईने दुकानात नाडीविना साधा दिसणारा जोड बाजूला सारून नाडीचा देखावा असलेलाच पसंत केला, आणि मला तिच्याशी वाद घालण्याचे कारण दिसले नाही.

मोजे घातले आहेत की नाहीत यावर या बुटांचे यश बरेच अवलंबून आहे. पायमोजा असेल तर टाच उतारावरून सुळकन आत जाते. उघडा पाय घामाने ओलसर असेल तर तो अस्तराला चिकटतो, उशी आतल्या बाजूला गुंडाळली जाते आणि शेवटी बोट घालावेच लागते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत मोजे घालण्याचा उत्साह कोणाला असणार? पण मोज्यांविना हा बूट आपले एकमेव कौतुकास्पद काम नीट करत नाही. पावसाळ्यातला हिशेब आणखी कठीण आहे. वरचे जाळीदार कापड पहिल्याच सरीत भिजते, ते पंख्याखाली लवकर सुकते, परंतु टाचेची उशी आणि आतला फोम पाणी धरून ठेवतात आणि ओलसर वास येऊ लागतो. जून ते सप्टेंबर या काळात मी माझी जोडी कपाटात ठेवतो आणि पावसाळी सँडल घालतो, आणि तिला पट्टा असतो याचे त्या दिवसांत अजिबात वाईट वाटत नाही.

येथे कोणी म्हणेल की एवढा खर्च करण्यापेक्षा साधी चप्पल काय वाईट? तीही हात न लावताच घालता येते. निरोगी माणसासाठी हा युक्तिवाद बिनतोड आहे. कोल्हापुरीत तर पाय धरून ठेवण्याची विद्या किती जुनी आणि किती नेमकी आहे: वरचा पट्टा, बाजूचे कान आणि अंगठ्याचा वेढा, आणि चामडे वापरता वापरता त्याच पायाचा आकार घेते. पण दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी होते, आणि चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळले नाही, असे रुग्ण स्वतःच डॉक्टरांना सांगतात. अशा पायाला मागून धरणारे पादत्राणच हवे. त्यासाठी आपल्याकडे डॉक्टर वर्षानुवर्षे एमसीआर, म्हणजे मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या तळाची आणि मागे पट्टा असलेली चप्पल सुचवत आले आहेत. ती उत्तम असते, पण तिचा पट्टा लावायला वाकावे लागते, आणि ती पाहताक्षणी ‘दवाखान्याची चप्पल’ म्हणून ओळखू येते. हात न लावता घालायचा बूट या दोन्ही अडचणी दूर करतो. मात्र संवेदना कमी असलेल्या पायासाठी तो घ्यायचा असेल तर आतून हात फिरवून शिवणी कुठे टोचतात ते पाहावे, बूट रोज घालण्यापूर्वी झटकावा आणि संध्याकाळी तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या तपासाव्यात. टाच कडक असल्यामुळे ती घासली तर फोड येतो आणि तो जाणवत नाही. पायावर जखम आहे किंवा होऊन गेली आहे अशांनी हा निर्णय दुकानात घेऊ नये, डॉक्टरांकडे घ्यावा.

माझी सर्वांत मोठी नापसंती तळाबद्दल आहे. या प्रकारातले बहुतेक बूट जाड, अतिमऊ फोमवर उभे असतात, कारण दुकानात पाय ठेवल्याबरोबर गादीवर उभे राहिल्याचे सुख मिळते आणि विक्री तिथेच होते. परंतु ज्याचा तोल आधीच डळमळीत आहे त्याला पायाखालची जमीन कळणे आवश्यक असते, आणि जाड मऊ तळ नेमकी तीच जाणीव बोथट करतो. पाय घासत चालणाऱ्यांच्या बाबतीत टोकाकडचा रबर फरशीला अडकण्याचीही भीती आहे. ज्यांना वाकता येत नाही अशांसाठी म्हणून वस्तू बनवायची आणि तिच्या तळाचा विचार मात्र पळणाऱ्या तरुणासाठी करायचा, ही विसंगती मला पटत नाही. आईसाठी आम्ही त्यातल्या त्यात पातळ आणि रुंद तळाचा जोड निवडला. तो शोधायला दुकानदाराला वरच्या मजल्यावर जावे लागले, यावरून मागणी कशाला आहे ते समजते.

किमतीचे सांगायचे तर परदेशी नावाच्या जोड्या साधारण पाच-सहा हजार रुपयांपासून पुढे जातात आणि देशी जोड्या एक ते अडीच हजारांत मिळतात. फरक कोठे आहे हे टाच अंगठ्याने दाबून लगेच कळते: महाग जोडीची टाच दाबल्यावर वाकत नाही आणि तिचा काठ आकार सोडत नाही, स्वस्त जोडीत आत पुठ्ठ्यासारखे काहीतरी असते आणि ते थोड्याच महिन्यांत मऊ पडते. बाकी कापड, तळ, शिवण यांत पैशांइतका फरक मला जाणवला नाही. खरेदी संध्याकाळी करावी, जे मोजे घालणार तेच घालून जावे, आणि दुकानात गालिच्यावर चार पावले टाकून समाधान मानण्याऐवजी एखादा जिना चढून-उतरून पाहावा. ऑनलाइन मागवायचे असेल तर परत करण्याची मुदत आधी वाचावी.

कपड्यांतही बंदाविना घालण्याची हीच लाट आली आहे, आणि तेथे ‘बंद नाही म्हणजे सोपे’ हा समज अधिक फसवा आहे. कंबरेला इलॅस्टिक असलेला पायजमा खरोखरच सोयीचा. परंतु गुंड्या नसलेला, डोक्यावरून घालायचा कुडता किंवा गाऊन खांदा आखडलेल्या माणसासाठी शिक्षाच असते, कारण दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावे लागतात. त्यांना समोरून पूर्ण उघडणारा कपडाच बरा, मग गुंड्या लावायला कोणी मदत केली तरी चालेल. अमेरिकेत मॉरा हॉर्टन यांनी पार्किन्सन झालेल्या पतीसाठी शर्टाच्या आत लोहचुंबक बसवून वरून गुंड्यांचा देखावा ठेवला, तो मार्ग मला अधिक समंजस वाटतो. पेसमेकर असलेल्यांनी मात्र असे चुंबकी कपडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

साडीखालच्या परकराचा उल्लेख येथे करायलाच हवा. वर्ध्याच्या आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अशा स्त्रियांची प्रकरणे मांडली, ज्यांच्या कंबरेवर परकराची नाडी किंवा घट्ट नेसलेले लुगडे वर्षानुवर्षे त्याच जागी काचत राहिल्याने जखम झाली आणि पुढे तेथे त्वचेचा कर्करोग उद्भवला. असे क्वचितच घडते, पण नाडीचा काच कंबरेवर उमटलेला नाही अशी साडी नेसणारी स्त्री दुर्मीळ. आता बाजारात मिळणारे साडी शेपवेअर, म्हणजे नाडीऐवजी रुंद लवचिक पट्ट्याचा तंग परकर, या काचातून सुटका करतात. घरातल्या दोघीतिघींनी ते वापरून दिलेला निर्वाळा असा: प्रवासात आणि हलक्या साडीखाली चांगले, जड काठापदराच्या साडीखाली निऱ्यांच्या वजनाने खाली सरकते, उन्हाळ्यात असह्य, आणि मांडी घालून पंगतीला बसायचे असेल तर घालूच नये. रुंद इलॅस्टिकचा, पण घेर असलेला सुती परकर कोणी शिवून देत असेल तर तो या दोहोंपेक्षा सरस ठरेल. शेजारच्या शिंपीणबाईंनी मापाला एक शिवून दिला आहे आणि तो आजवर कुरकुरीविना चालू आहे.

दुरुस्तीच्या बाबतीत कपडे आणि बूट यांची तुलना बुटांना परवडणारी नाही. इलॅस्टिक सैल झाले की घरी सेफ्टी पिन लावून नवे ओवता येते. नाडीच्या बुटाची नाडी तुटली तर थोडक्या पैशांत नवी मिळते. हात न लावता घालायच्या बुटाची टाच मात्र एकदा बसली की तो बूट उरतच नाही, कारण ती कडक वाटी दोन थरांच्या मध्ये चिकटवलेली असते आणि ती बदलायची तर मागचा सगळा भाग उसवावा लागतो. माझ्या स्वस्त जोडीची उजवी टाच मऊ पडल्यावर चौकातल्या चप्पल दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी ती उलटीपालटी करून पाहिली, आतले काम होणार नाही असे सांगितले, आणि हवा असेल तर मागून बक्कलाचा पट्टा लावून देतो, म्हणाले.